अव्हेरलेल्यांचा थाट

माझं साहित्य आजवर कुणी अव्हेरलेलं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. अव्हेरणं या क्रियापदाला घराणं आहे. अव्हेरलेला माणूस दाढी वाढवून हिंडतो, लोक त्याच्याविषयी हळू आवाजात बोलतात. माझ्या वाट्याला आलं ते नामंजूर होणं. तेही गृहकर्जाच्या अर्जावर, शिक्क्यासकट.

बाकीच्या क्रियापदांचीही गिऱ्हाइकं ठरलेली. कोर्ट याचिका फेटाळतं, झिडकारत नाही. मागणी धुडकावतात. पुढारी आरोप नाकारतो, पक्ष पुढाऱ्याला तिकीट नाकारतो. स्थळ मात्र कुणीच नाकारत नाही. तिथे फक्त पत्रिका जुळत नाही. (पगार वाढला की त्याच पत्रिकेतले ग्रह शहाण्यासारखे वागू लागतात.)

नकार देणाऱ्याची ऐट वेगळीच. ज्याँ पॉल सार्त्रने 1964 चं नोबेल नाकारलं. अकादमीला पत्र धाडून 'नको' असं आधीच कळवलं होतं. तालुका साहित्य पुरस्कार नाकारणारं माझंही पत्र तयार आहे. पुरस्काराचं तेवढं समितीकडून राहिलंय.

पण या सगळ्यांचा राजा म्हणजे 'साभार परत'. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 1909 साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि मराठी लेखकाला दरवर्षी नाकारलं जाण्याचा एक हक्काचा हंगाम मिळाला. लेखासोबत आपलाच पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं पाकीट जोडायचं; म्हणजे अपमानाचा टपालखर्चही आपलाच. पाकीट जाडजूड आलं की न फोडताच कळायचं. आत छापील चिठ्ठी: आभार आहेत, जागा नाही. मी लिहायला बसलो की महाराष्ट्रातल्या तमाम अंकांना जागेची टंचाई भासे! एका संपादकांनी मात्र त्या चिठ्ठीखाली शाईने लिहिलं होतं, 'दुसरं पान बरं आहे. पहिलं काढून टाका.' मी आठवडाभर चिडून होतो. मग लक्षात आलं, या गृहस्थांनी दोन्ही पानं वाचली होती.

आता लेख फोनवरून जातो, निळ्या टिका उमटतात आणि पुढे सामसूम. होय नाही, नाहीही नाही. याला मी नकार मानत नाही. नकार द्यायचा तर समोर कुणीतरी आहे, एवढं तरी आधी कबूल करावं लागतं.

तेव्हा संपादक महाशय, हा लेख नको असेल तर तसं खुशाल कळवा. क्रियापद कुठलंही चालेल. अव्हेरलात तर उपकार होतील.