मूळ पुस्तकाचे सोवळे

सोवळ्यातल्या डीएमसाहेबांस,

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या भूमिका वठवण्याच्या खेळात आपण डीएम, म्हणजे खेळ चालवणारे डंजन मास्टर. आपल्या टेबलावर मूळ नियमपुस्तकांखेरीज काही येऊ द्यायचे नाही, हा आपला नेम कळला. एखाद्या खेळाडूने पिशवीतून पुरवणी पुस्तक काढले, की आपण विटाळ झाल्यासारखे फासे आवरता. निष्ठा थोर आहे. फक्त ज्या देवासाठी हे सोवळे, त्याची कुळकथा एकदा पाहून घ्यावी. 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांची पहिली पेटी आली, तीत तीन पुस्तिका होत्या आणि क्लास, म्हणजे पात्रांचे पेशे, तेही तीनच: फायटर, मॅजिक-युजर, क्लेरिक. आपल्याला प्रिय असलेले थीफ आणि पॅलाडिन 1975 च्या 'ग्रेहॉक' पुरवणीतून आले, मंक त्याच वर्षीच्या 'ब्लॅकमूर'मधून, ड्रुइड 1976 च्या 'एल्ड्रिच विझर्ड्री'तून. रेंजर तर चक्क खेळ छापणाऱ्या कंपनीच्या नियतकालिकातून आला. 1978 च्या 'प्लेयर्स हँडबुक'ने या सगळ्यांना पुठ्ठ्याच्या बांधणीत बसवले आणि पाहुणे घरचे झाले. त्या पहिल्या पेटीचे तरी स्वतःवर कुठे भागत होते? लढाईसाठी 'चेनमेल' ही वेगळी नियमावली आणि रानातल्या भटकंतीसाठी 'आउटडोअर सर्व्हायव्हल' या परक्या कंपनीच्या बोर्डगेमचा पट जवळ ठेवा, असे तीच सांगत होती.

आपण म्हणाल, इतिहास राहू द्या, पुरवण्यांनी खेळाचा तोल जातो त्याचे बोला. बोलू. खेळाच्या साडेतीन (3.5) या आवृत्तीचे 2003 चे 'प्लेयर्स हँडबुक' उघडा, पुरवणी एकही नको. ड्रुइडला पहिल्याच पातळीवर सोबतीला प्राणी, पाचवीला स्वतः प्राणी होण्याची विद्या, आणि सहावीला 'नॅचरल स्पेल' ही फीट, म्हणजे खास कसब, घेतली की अस्वलाच्या रूपातही मंत्र चालू. शेजारी फायटर बसलेला. त्याच्या वाट्याला जादा फीट्स, बस्स. हा असमतोल सोवळ्यातल्या पुस्तकातला आहे. तलवारवाल्यांना जरा बरे दिवस दाखवायचा प्रयत्न केला तो 2006 च्या 'टोम ऑफ बॅटल'ने, म्हणजे आपण उंबऱ्याबाहेर ठेवलेल्या पुरवणीने.

आपल्या बाजूचा एक मुद्दा मात्र खरा वजनदार आहे, आणि तो आपण क्वचितच मांडता म्हणून मीच मांडतो. पुरवणी नियम वाढवते तेव्हा मोकळीक कमी करू शकते. थीफ येण्याआधी अंधारात लपायचे झाले तर कोणीही लपू पाहायचे आणि डीएम प्रसंग बघून ठरवायचा. थीफच्या तक्त्यात लपण्याचे टक्के छापले गेले आणि बाकीच्यांनी गृहीत धरले की हे आपले काम नव्हे. थीफला तरी काय मिळाले? 1978 च्या तक्त्यात पहिल्या पातळीच्या मानवी थीफला सावलीत लपायला 10 टक्के! पण साहेब, हे नुकसान तेव्हाच मूळ पुस्तकात मुक्कामाला आले. नियम वाईट असेल तर तो पुठ्ठ्याआड गेल्याने सुधारत नाही, आणि चांगला असेल तर पुरवणीत छापल्याने बाटत नाही.

राहिली सवड. प्रत्येक खेळाडूचे प्रत्येक पुस्तक डीएमने वाचायचे म्हटले तर नोकरी सोडावी लागेल, हे मान्य. त्यावरही तोडगा निघाला होता: 'ॲडव्हेंचरर्स लीग' या सार्वजनिक खेळांच्या अनोळखी टेबलांवर काही वर्षे 'प्लेयर्स हँडबुक' आणि सोबत आणखी एकच पुस्तक, असा दंडक होता. तो शुद्धतेसाठी नव्हता, सोयीसाठी होता. आपणही तेवढेच म्हणा: 'मला एवढे वाचायला वेळ नाही.' कोणी रागावणार नाही. हवे तर एकेक नियम वाचून नाकारा. पण मूळ म्हणजे मूळच हवे असेल, तर पुढच्या बैठकीला थीफ, पॅलाडिन, मंक, ड्रुइड आणि रेंजर यांना येऊ नका म्हणून आजच कळवा. ऐन वेळी उठवणे बरे दिसत नाही.



आपला,
एक ओवळा वाचक