गाळणारा गाऊ लागतो तेव्हा

सिंथेसायझरसमोर नवख्या पाहुण्याला बसवा. पट्ट्यांना हात लावायला तो लाजेल, पण कटऑफचा नॉब एकदा हाती लागला की चहा गार होईपर्यंत सोडणार नाही. त्या नॉबची गंमतच तशी आहे.

स्वर निर्माण करणाऱ्या ऑसिलेटरमधून निघणारा सॉटूथ आवाज मुळात कर्कश. मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे सगळे उपस्वर त्यात दाटीवाटीने भरलेले. लो-पास फिल्टर कटऑफच्या, म्हणजे नॉबने ठरवलेल्या मर्यादेच्या, वरचे उपस्वर दाबत जातो. रॉबर्ट मूग यांच्या प्रसिद्ध लॅडर फिल्टरमध्ये दर सप्तकाला २४ डेसिबलने. नॉब खाली आणला की आवाज तोंडावर पांघरूण घेतो.

रेझोनन्स हे त्यापुढचं प्रकरण. फिल्टरमधून बाहेर पडलेला आवाज थोडा पुन्हा आत सोडला, की नेमके कटऑफजवळचे उपस्वर फुगतात. मग नॉब सावकाश फिरवा: एकेक उपस्वर हजेरी देत पुढे येतो आणि यंत्र ‘ऊ’ म्हणता म्हणता ‘आ’ म्हणू लागतं. आपली जीभ आणि ओठ तरी वेगळं काय करतात? रेझोनन्स फारच वाढवला, तर कित्येक फिल्टर पट्टी न दाबताच शिट्टी घालतात. गाळायला नेमलेलाच गाऊ लागतो. सूत्रसंचालक ऐकलेल्यांना हे नवल वाटणार नाही.

असेच नॉब असलेलं रोलंडचं टीबी-३०३ हे यंत्र बास गिटारवाल्याची जागा घ्यायला आलं. ते बास गिटारसारखं काही वाजेना, आणि १९८४ मध्ये बंद झालं. १९८७ मध्ये शिकागोच्या ‘फ्युचर’ या गटाने ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’मध्ये त्याचे नॉब मनसोक्त पिळले आणि अ‍ॅसिड हाउस संगीत जन्माला आलं. पण त्याआधी १९८२ मध्ये, मुंबईत, हिंदी चित्रपटांचे वादक चरणजित सिंग यांनी त्याच यंत्रावर डिस्कोच्या ठेक्यात दहा राग वाजवले होते. रेकॉर्ड खपली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा युरोप चकित झाला. सिंग यांना अ‍ॅसिड हाउसचे जनक म्हणणं मला ओढूनताणून वाटतं; शिकागोवाल्यांनी ती रेकॉर्ड ऐकल्याचा पुरावा नाही. मात्र ३०३ वरचं स्लाइड, म्हणजे स्वरावरून स्वरावर घसरत जाणं, आपल्या रागसंगीतातल्या मिंडेच्या इतकं जवळचं आहे, की यंत्र योग्य घरी पडलं होतं असंच म्हणावं लागेल.

सिंग यांची रेकॉर्ड ऐकायची असेल तर मालकंसापासून सुरुवात करा. तिच्यावर पहिला भैरव आहे, पण त्या वेगातला भैरव सकाळी सकाळी जड जातो.