काय गो तुझं नाव?

"शिबा इनू आणलीय," असं फोनवर सांगितलं तेव्हा आईला वाटलं, बारसं उरकलंसुद्धा. "शिबा पाळण्यातलं आणि इनू घरात हाक मारायला, होय ना? इनू बरं आहे. मालवणात आमच्या शेजारी एक इनूमावशी होती." शिबा ही जात आणि इनू म्हणजे नुसतं कुत्रं, हे तिला समजावून देईपर्यंत पिल्लाने माझ्या उजव्या चपलेचा अंगठा खाऊन टाकला होता.

आम्ही तोक्योच्या पूर्वेला, निशी-कासाईत राहतो. इथे इतके भारतीय आहेत की संध्याकाळी नदीच्या बांधावर फिरायला गेलं तर एखादं मराठी कुटुंब भेटतंच. अशा वस्तीत तांबूस अंगाचं, शेपटीची जिलबी केलेलं हे पिल्लू घरात आलं. शिबा जातीला १९३६ साली जपान सरकारने देशाचा नैसर्गिक ठेवा ठरवलंय. म्हणजे घरात ठेवा एकच, बाकीचे आम्ही भाडेकरू. वंशावळीच्या कागदावर तिचं एक भारदस्त नाव होतंच, शेवटी 'गो' लावलेलं. आपल्याकडे पंत किंवा राव लावतात तसा कुलीन कुत्र्यांच्या नावाला जपानीत 'गो' लागतो. पण ते नाव कागदापुरतं. हाकेचं नाव आपण शोधायचं, आणि तेही लवकर, कारण कुत्र्याची पालिकेत ३० दिवसांच्या आत नोंद करावी लागते.

जपानी कुत्रीला जपानीच नाव द्यायचं, यावर पहिल्याच रात्री एकमत झालं. आमच्या घरातलं ते त्या महिन्यातलं शेवटचं एकमत.

लेकीने 'आइ' सुचवलं. अर्थ प्रेम, आणि मुलींचं अगदी रुळलेलं नाव. बायकोने म्हणून पाहिलं, "आइ, सोड ते! आइ, गादीवर नाही!" आणि माझ्याकडे बघून गप्प बसली. माझी आई पुढच्या महिन्यात राहायला येणार होती. मग 'माइ', म्हणजे नृत्य. पण माई ही बायकोची आजी, वय ९१, कान अजून तिखट. 'मामी' हेही इथे चक्क मुलीचं नाव असतं. 'नाना' हेसुद्धा मुलीचंच! आमचे नाना मिशीला तूप लावायचे. जपान्यांनी आमचं सगळं गणगोत न विचारता मुलींना वाटून टाकलंय. ताईलादेखील सोडलेलं नाही. 'ताई' हा मासा आहे, आणि शुभप्रसंगी त्याला मीठ लावून अख्खा भाजतात.

नात्यांतून बाहेर पडावं म्हणून फुलांकडे वळलो. फूल म्हणजे 'हाना'. दोन दिवस बांधावर हेच नाव चालवून पाहिलं. तिसऱ्या दिवशी ती एका सायकलवाल्यामागे धावली, मी जिवाच्या आकांताने "हाना! हाना!" ओरडलो आणि बाकावरचे एक सांगलीकर गृहस्थ बाह्या सरसावत उठले. कुणाला, एवढंच त्यांनी विचारलं. मग 'उमे' निघालं. थंडी सरता सरता फुलणारं फार देखणं झाड, पण माझी चुलतबहीण उमा, आणि तिला सगळं घर "उमे" म्हणतं. शिवाय जपानीत 'उमा' म्हणजे घोडा. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. हा लेख तिच्या हाती पडू नये.

बायको म्हणाली, सरळ हाचिको ठेवा. तर तो अकिता जातीचा, आणि नर. धनी १९२५ साली वारला, तरी शिबुया स्टेशनवर १९३५पर्यंत त्याची वाट बघत राहिला. मूळ नाव हाची, म्हणजे आठ. त्याच्या नावातला 'को' लाडाचा, मुलींच्या नावातला नव्हे. "पण हाचिकोत 'हा' पुल्लिंगी आणि 'ची' स्त्रीलिंगी," लेक म्हणाली, "मग चालेल की!" शनिवारच्या मराठी वर्गाचे पैसे वसूल झाले असं मला त्या क्षणी वाटलं.

शेवटी आईने पंचांग काढलं. "जन्मवेळ सांग."

"आई, कुत्र्यांची वेळ लिहून ठेवत नाहीत."

"मग दिवसभर मघाच होतं असं धरू. सिंह रास. कुणाचं ऐकायची नाही हो ही. मा, मी, मू, मे, यातलं अक्षर घे."

'मा' म्हणजे पुन्हा माई आणि मामी. 'मिमी' म्हणजे कान. 'मेइ' म्हटलं की शेळी पाळल्यासारखं वाटे. उरलं 'मू'. इथे कुत्र्यांना खाण्याच्या पदार्थांची नावं ठेवायची भारी हौस. शेजारच्या कुत्रीचं नाव किनाको, म्हणजे भाजलेल्या सोयाबीनचं पीठ. आपण 'मेतकूट' म्हणून हाक मारावी तसं. त्याच डब्यांतून 'मुगी' सापडलं. अर्थ गहू किंवा सातू, आणि तिचा रंगही तसाच. आई म्हणाली, "मुगाची मुगी! वा!" गव्हाची आहे, हे मी सांगत बसलो नाही. बागेत "मुगी" म्हटलं की तीन कुत्री वळून बघतात, इतकं हे नाव इथे चालतं. चौथी, म्हणजे आमची, बघत नाही.

जनावरांच्या दवाखान्यात मालकाचं आडनाव जोडून पुकारा होतो. आम्ही जोशी. जपानीत 'जोशी' म्हणजे स्त्रीवर्ग, आणि 'जो' थोडा लांबवला तर ऑफिसातला साहेब. "जोशी मुगी-चान!" असं ऐकू आलं की त्यातला कुठला अर्थ घ्यायचा ते मुगीच्या चेहऱ्यावरून कळतं. साहेबच.

आई आली. पहिल्याच फेरीत मुगी फुटपाथवर बसली. पट्टा ओढला तर गालाच्या वळ्या चेहऱ्यावर गोळा झाल्या, पाय मात्र जागचे हलले नाहीत. शिबांचा हा हट्ट इतका नामांकित आहे की त्याला 'क्योही-शिबा', नकार देणारी शिबा, असा खास शब्दच आहे. मी जपानीत विनवण्या केल्या, मराठीत धमक्या दिल्या. आई पुढे झाली, कमरेवर हात ठेवले आणि मालवणात इनूमावशीला मारायची तशी हाक मारली, "मुगी गो!"

मुगी उठली.

समोरून येणारे एक म्हातारे गृहस्थ थबकले. मुगी-गो! एवढ्या अदबीने कुत्रीचं पूर्ण नाव उच्चारणारी परदेशी बाई त्यांनी पाहिली नसावी. त्यांनी टोपी काढली आणि मुगीपुढे कमरेतून वाकले. आईला वाटलं, नमस्कार आपल्यालाच. तिनेही हात जोडले.