सही दुसऱ्या पानावर

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीस कधीच एका पानात मावत नाही. विषयपत्रिका तीच ती जुनी. पण ‘आपला विश्वासू’ पहिल्या पानाच्या तळाशी आणि सही दुसऱ्या कोऱ्या पानावर. मग सेक्रेटरी कंट्रोल ए दाबून सगळं निळं करतात, अक्षर बारीक करतात, आणि पहिल्या मजल्यावरचे आजोबा नोटीस बोर्डावरून काढून उन्हात नेऊन वाचतात.

दोष मजकुराचा नाही, मोकळ्या जागेचा आहे. वर्ड 2003 मध्ये आपोआप मिळायचा तो टाइम्स न्यू रोमन, आकार 12, ओळीला ओळ खेटून. 2007 मध्ये कॅलिब्री 11 आला. ओळींमधलं अंतर 1.15 झालं आणि प्रत्येक परिच्छेदाखाली 10 पॉइंटची जागा सुटू लागली. 2013 मध्ये ते 1.08 आणि 8 वर आलं. इंग्रजी पत्राला हे शोभतंही. मराठी अर्जाचा मायना वेगळा. आपण ‘प्रति’ लिहून एंटर मारतो, ‘मा. अध्यक्ष’ लिहून एंटर, संस्थेचं नाव लिहून पुन्हा एंटर. वर्डच्या लेखी प्रत्येक एंटर म्हणजे नवा परिच्छेद. त्यामुळे अध्यक्ष, संस्था आणि पत्ता बोलणं सोडल्यासारखे लांब लांब उभे राहतात. आमच्या सोसायटीत हे वास्तवाला धरून आहे, पण कागद वाया जातो.

त्यात मराठीला बहुतेक वेळा आपोआप मिळतो तो मंगल. विंडोज 2000 बरोबर आलेला हा फॉन्ट र. कृ. जोशींचा. कवी आणि सुलेखनकार माणूस. वर रफार-वेलांटी, खाली उकार, सगळ्यांची सोय पाहिलेली. साहजिकच ओळ मुळातच ऐसपैस, आणि वर्डचं वाढीव अंतर त्यावर चढतं. काही शूर लोक ओळीची उंची ‘एक्झॅक्टली’ म्हणून आवळतात. मग पडद्यावर रफार छाटला जातो आणि ‘वर्गणी’ची ‘वगणी’ होते. ती भरायला तर कुणीच बांधील नाही.

उपाय साधा आहे. कंट्रोल डी, खाली डाव्या कोपऱ्यात ‘सेट ॲज डिफॉल्ट’. मात्र वरच्या खणात फॉन्ट बदलला तर फक्त इंग्रजी सुधारतं; मराठीचा खण ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ या पाटीखाली, आकारासकट वेगळा. अंतरासाठी पॅराग्राफची आणखी एक खिडकी, तिथे पुन्हा तेच बटण. तहसील कचेरीत एकदा तरी दाखला काढलेल्या माणसाला हे टेबल-टेबल समजावून सांगावं लागत नाही. शेवटी प्रश्न येतो : फक्त या फाइलपुरतं, की नॉर्मल टेम्प्लेटवरच्या सगळ्याच फाइलींना? खूण आधीच पहिल्या पर्यायावर असते. घाईत ओके दाबणाऱ्याच्या घरी दुसऱ्या दिवशी जुना डिफॉल्ट हजर.

हे किरकोळ वाटत असेल तर पाकिस्तानकडे पाहा. पनामा प्रकरणात, म्हणजे परदेशी मालमत्तेच्या चौकशीत, तेव्हाच्या पंतप्रधानांच्या कन्या मरियम नवाझ यांच्या बाजूने सादर झालेल्या एका कागदावर तारीख होती 2006 ची आणि अक्षर कॅलिब्रीचं, जे सर्वसामान्यांच्या हाती पडलं 2007 मध्ये. 2017 मध्ये चौकशी पथकाने नेमकं त्यावरच बोट ठेवलं. कागद खरा की खोटा हा वाद तज्ज्ञांचा. पण टायपिस्टने डिफॉल्ट बदलून टाइम्स न्यू रोमन ठेवला असता, तर निदान फॉन्ट तरी साक्षीला आला नसता. (2023 मध्ये कॅलिब्रीच्या जागी ॲप्टॉस आलाय. जुन्या तारखेचे कागद करणाऱ्यांनी नोंद घ्यावी.)

मी माझ्या मशीनवर सगळं एकदाच लावून टाकलं : मराठीला कोकिला फॉन्ट, आकार 16, परिच्छेदाखाली शून्य. सेक्रेटरींना नमुना दाखवला. ते बराच वेळ पानाच्या तळाशी बघत राहिले. सही होती, तीही पहिल्याच पानावर.

“वा! हे कसं केलंत?”

मी उत्साहाने कंट्रोल डी सांगू लागलो. त्यांनी हात वर करून थांबवलं.

“मला कशाला शिकवताय? यापुढे नोटिसा तुम्हीच काढत चला. आणि ते थकबाकीदारांचं पत्रही आहे, बावीस जणांचं. संध्याकाळपर्यंत होईल ना?”