फेस बसायच्या आत

हातकणंगले तालुक्यात आळत्याला विपश्यना केंद्र आहे. दहा दिवसांचं शिबिर. पहाटे चारला उठायचं, पहिले तीन दिवस नुसता येणारा-जाणारा श्वास बघायचा आणि तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. हे सगळं नीट ऐकून घेऊन आमच्या पेठेतल्या एका काकांनी विचारलं, “आणि मटण?” नसतं म्हटल्यावर विषय संपला.

‘वर्तमानात राहा’ हे कोल्हापूरकराला शिकवायला कशाला पाहिजे, असं मला गंगावेशीत दूध प्यायला गेलं की हमखास वाटतं. म्हैस समोर उभी, धार थेट ग्लासात. फेस काठाच्या वर आला की ग्लास तुमच्या हातात, अजून कोमट. धारोष्ण दूध उद्यावर ढकलता येत नाही. फेस बसायच्या आत संपवायचं. शेजारचा गडी भावकीच्या वाटणीवरनं भांडून आलेला असो नाहीतर कर्जाचा हप्ता थकवून, त्या घटकेला मिशीला लागलेल्या फेसापलीकडं त्याला जग नसतं. मिशी पुसली की हप्ता आठवतो, ते वेगळं.

तालमीतला कायदा याहून कडक. शाहू महाराजांनी १९१२ साली उभारलेल्या खासबाग मैदानात कालच्या कुस्तीचा विचार करत उतरलेल्या पैलवानाला समोरचा पट काढतो आणि थेट आभाळ दाखवतो.

पण हे सगळं पोट आणि पाठ पणाला लागली तर. नुसतं बघायचं म्हटलं की आमची पंचाईत. अंबाबाईच्या देवळात नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीला किरणोत्सव होतो. मावळतीची किरणं महाद्वारातून आत शिरतात, देवीच्या पायांपासून वर चढतात. सगळं जुळून आलं तर मुखापर्यंत. खेळ काही मिनिटांचा. गेल्या खेपेला ऐन त्या मिनिटांत माझ्यामागं दोघांची जुंपली.

“काल यापेक्षा वर होती.”

“काल ढग होतं की!”

“ढग न्हवं, इमारती आड येत्यात.”

“उद्या बघ, उद्या मुखावर जात्यात का न्हाई!”

काल झाला, उद्या झाला. इमारती कुणी आणि कशा बांधल्या इथवर गाडी गेली, तोवर सूर्य बुडाला. आरती सुरू झाली तसा त्यातल्या एकानं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“भावा, शेवटी कुठवर आली रं किरणं?”