फेटलिंग

कोल्हापुरात इंग्रजी दोन ठिकाणी शिकायला मिळतं. एक शाळा-कॉलेजात आणि दुसरं शिवाजी उद्यमनगरात. पहिल्या ठिकाणी व्याकरण पक्कं होतं, दुसऱ्या ठिकाणी शब्दसंग्रह. इंग्रजी घेऊन एम. ए. झालेल्या माणसाला टॅपेट, मँड्रेल, गजन पिन यांतलं काहीही विचारा, तो खिशातून मोबाइल काढेल. उद्यमनगरातलं सातवीत शाळा सोडलेलं पोरगं मात्र मान वर न करता फळीवरून नेमकी वस्तू काढून तुमच्या हातात ठेवील. वॉशरला ते ‘वायसर’ म्हणेल, पण माप चुकणार नाही.

या दुसऱ्या इंग्रजीतला माझा लाडका शब्द म्हणजे ‘फेटलिंग’. जोतिबाच्या डोंगरावर केदारलिंग आहे, तसं याच पंचक्रोशीत कुठंतरी फेटलिंगही असेल, श्रावणात एकदा जाऊन यावं, असं नवख्याला वाटलं तर त्याला हसू नये. स्थान तसं जागृतच आहे. शिरोलीला किंवा गोकुळ शिरगावला एमआयडीसीत कुठल्याही फाउंड्रीच्या मागच्या अंगाला जा. अभिषेक अखंड चालू असतो, फक्त ठिणग्यांचा.

ओतकाम म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढं भट्टी येते. बिडाचा तांबडालाल रस, १४०० अंशांच्या आसपासचा, वाळूच्या साच्यात उतरतो तेव्हा बघणाऱ्याचे डोळे दिपतात. साचा दोन पेट्यांचा असतो. वरच्या पेटीला कोप म्हणतात, खालच्या पेटीला ड्रॅग. रस आत न्यायला रनर नावाची वाट ठेवलेली असते. थंड होताना रस आकसतो, तेवढी तूट भरून काढायला रायझर नावाचा जास्तीचा साठा ठेवावा लागतो. सगळं निवलं की साचा फोडतात आणि कास्टिंग बाहेर येतं.

हे कास्टिंग तुम्ही पाहिलंत तर म्हणाल, यासाठी एवढा खटाटोप केला? अंगावर जळकी वाळू घट्ट बसलेली, एका बाजूला रनर लोंबतोय, डोक्यावर रायझरचं टेंगूळ. दोन पेट्या जिथं जुळल्या तिथून निसटलेल्या रसाचा पातळ पापुद्रा सगळीकडून बाहेर आलेला. करंजी भरून मिटल्यावर कडेचं जास्तीचं पीठ राहतं ना, अगदी तसा. फरक एवढाच, की करंजीला कातण पुरतं आणि इथं घण, छन्नी, ग्राइंडर, कानस अशी सगळी पलटण लागते. रनर-रायझर ठोकून उडवायचे, ते पुन्हा भट्टीत जातात. वाळू झाडायची, पापुद्रे घासायचे, कोपरे मोकळे करायचे. या सगळ्या उठाठेवीचं नाव फेटलिंग.

एका फेटलिंगवाल्या मामांना मी विचारलं, “मामा, फेटलिंगचा अर्थ काय हो?”

मामांनी ग्राइंडर बंद केला, तोंडावरचा टॉवेल हनुवटीखाली ओढला आणि माझ्याकडं जरा काळजीनंच पाहिलं. “फेटलिंग म्हंजे फेटलिंगच की. आता ह्येला इंग्लिशमधी काय म्हणत्यात, ते तुमी सायबास्नी इचारा.”

सायबास्नी विचारूनही फारसा उपयोग नाही. आजचा लंडनचा साहेब हा शब्द वापरलाच तर एखाद्याची तब्येत ठणठणीत आहे, एवढं सांगण्यापुरता वापरतो. यॉर्कशायरकडं, म्हणजे इंग्लंडच्या उत्तर भागात, तो अजून बोलण्यात आहे. तिथली माणसं सायकल फेटल करतात, म्हणजे ठाकठीक करतात. चिनी मातीच्या कारखान्यात कपबशीवरची साच्याची रेघ पुसून काढणं हेही फेटलिंगच. शब्दाचं मूळ शोधत गेलं तर जुन्या इंग्रजीत ‘फेटेल’ म्हणजे कमरपट्टा. त्यावरून कंबर कसणं, मग तयारीला लागणं, मग नीटनेटकं करणं, असा तो फिरत फिरत फाउंड्रीत पोचला. आपल्या फेट्याशी त्याचं काही नातं नाही. असतं तर कोल्हापुरानं चौकात फलक लावला असता.

पण कोल्हापूरला शब्दाची जन्मपत्रिका लागतेच कुठं? ‘मेस्त्री’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, पण आज तो पोर्तुगालचा म्हणून सांगितला तर गावातले मेस्त्री भांडायला उठतील. इथं वस्तू आधी हातात घेतात, खोलून बघतात, आणि नाव चालतं तसं चालवतात. बाबूराव पेंटरांनी दामल्यांसारख्या सहकाऱ्यांना हाताशी धरून इथंच सिनेमाचा कॅमेरा तयार केला आणि १९२० चा ‘सैरंध्री’ त्याच्यावर काढला. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार यांची नावं इथल्या कारखानदारीत आजही आदरानं घेतली जातात. नवा भाग बनवणं एक आणि तो घासून-पुसून जागेवर चपखल बसवणं दुसरं, हे त्या पिढीला कुणी शिकवायला लागलं नाही.

पुढं मात्र आपण बनवण्याचा गौरव केला आणि घासणं-पुसणं मागच्या शेडमध्ये ढकललं. कारखान्यात पाहुणे आले की मालक भट्टी दाखवतात. नंतर एअर कंडिशनरमधलं सीएनसी मशीन दाखवतात आणि चहा मागवतात. फेटलिंगच्या दारापाशी आलं की म्हणतात, “तिकडं जरा धूळ आहे.” लग्नाच्या बैठकीत मुलगा ‘फाउंड्रीत आहे’ असं सांगतात, ‘फेटलिंगला आहे’ असं कुणी सांगत नाही. नवनिर्मिती म्हणावं तर या कामात काही नवं तयार होत नाही, उलट असलेलं वजन कमी होतं. कुणाच्या कौतुकाला पात्र ठरावं असं त्यात काही दिसतच नाही.

तरी पण हेच काम अर्धवट राहिलं तर काय होतं पाहा. पापुद्रा राहिला तर कास्टिंग मशीनवर सरळ बसत नाही आणि पुढचं सगळं माप तिरपं जातं. इंजिनाच्या ब्लॉकमध्ये ऑइलच्या वाटेत चिमूटभर वाळू राहिली तर ती बेरिंग खाते. मग नाशिककडच्या कुठल्या तरी बांधावर ट्रॅक्टर बंद पडतो आणि शेतकरी शिव्या घालतो कंपनीला. ओतणाऱ्याचं यश डोळ्यांना दिसतं. फेटलिंगवाल्याचं यश म्हणजे कुणाची तक्रार न येणं. संपादक, शिंपी आणि घरातली आई यांनाही हा हिशोब ठाऊक असेल.

मालकमंडळींना मात्र एक गोष्ट हसण्यावारी न नेता सांगायची आहे. कास्टिंगला चिकटलेली वाळू म्हणजे सिलिका. ग्राइंडरखाली तिची जी अतिबारीक धूळ उडते, ती फुप्फुसात जाऊन बसते, आणि त्यातून होणारा सिलिकॉसिस बरा होत नाही. टॉवेल ती धूळ अडवत नाही. तेव्हा पुढच्या वेळी पाहुणे आले की त्यांना आधी फेटलिंगमध्ये न्या. तिथं धूळ ओढून घेणारी यंत्रणा चालू आहे आणि प्रत्येकाच्या तोंडावर चांगला मास्क आहे, हे त्यांना दिसू द्या. नसेल, तर पाहुण्यांना बोलावण्याआधी तेवढं करून घ्या.