राधाबाईंचे यजमान

"अगं, तुझ्या लेकानं ती सायकल कितीला आणली म्हणे? आमच्या मावशी सांगत होत्या, पस्तीस हजार. मी म्हटलं, अहो मावशी, स्कूटर असेल, नीट बघा."

कुंपणापलीकडून काकूंचा आवाज आला की आधी गॅस बंद करायचा आणि मगच बाहेर यायचं, हा माझा शिरस्ता.

"सायकलच आहे, काकू. गिअरची."

"पस्तीस हजारांत तिनं पोळ्यासुद्धा लाटायला हव्यात. आमच्या बेळगावात पहिल्यांदा सायकली आल्या तेव्हा..."

झालं, बेळगाव निघालं. काकूंचं माहेर बेळगावचं आणि सासर सांगलीचं. त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट बेळगावात सुरू होते आणि सांगलीपर्यंत येऊन टेकते. या खेपेला मात्र त्यांना खोडून काढायची सोय नव्हती. १८८८ साली रामूअण्णा आणि लक्ष्मणराव या किर्लोस्कर बंधूंनी बेळगावात सायकलींचं दुकान काढलं. आजचा सगळा किर्लोस्कर पसारा आपलं वय त्या दुकानापासूनच मोजतो. बेळगावात किर्लोस्कर रोड आहे, आणि काकूंच्या बोलण्यात तो आठवड्यातून एकदा तरी येतोच.

"लक्ष्मणराव तेव्हा मुंबईला," काकू म्हणाल्या. "व्हीजेटीआयमध्ये ड्रॉइंग शिकवायचे. तिथं एका पारशाला म्हणे दोन चाकांवरनं जाताना पाहिलं, नि डोक्यात बसलं. स्वतः शिकले, मग भावाकडं सायकली धाडायला लागले. रामूअण्णांनी काय करावं? विकायची ती विकायची, वर घेणाऱ्याला चालवायलाही शिकवायची."

"शिकवणीचे पैसे वेगळे."

"मग! फुकट कोण कुणाच्या मागनं पळतंय?"

"पण काकू, त्या काळची सायकल शिकणं म्हणजे खायचं काम नव्हतं. फ्रीव्हील नसायचं. चाक फिरतंय तोवर पेडल फिरणारच. उतारावर पाय थांबवायला जावं, तर पेडलच तंगडी उचलून फेकायचं. हवेचं टायर डनलॉपनं १८८८ सालीच काढलं, तेव्हा आपल्याकडच्या सुरुवातीच्या सायकलींना भरीव रबराच्या धावाच असणार."

"आणि वर धोतर."

"धोतराचा सोगा आणि उघडी चेन."

"अगं बाई!" काकूंनी हातातला पाइप खाली ठेवला. पाणी आमच्या बाजूला वाहू लागलं, ते त्यांच्या गावीही नव्हतं. "पण काय गं, हा माणूस मुळात चित्रकार व्हायला निघाला होता ना?"

"हो, जे. जे. स्कूलमध्ये. पण रंगच नीट ओळखता येईनात. दृष्टीचा दोष. मग चित्रं सुटली आणि यंत्रांची ड्रॉइंगं हाती आली. तिथं रंग लागत नाहीत."

"म्हणजे राधाबाईंनी हिरवं लुगडं नेसलं काय नि तांबडं काय, सारखंच."

राधाबाई म्हणजे लक्ष्मणरावांच्या पत्नी. थोर माणसाची गोष्ट काकूंच्या तोंडी फार वेळ त्याची राहत नाही, लगेच त्याच्या बायकोची होते. मला विचाराल तर चरित्रं अशीच वाचावीत. कर्तबगारीचा जमाखर्च स्वयंपाकघराच्या दारातून जास्त खरा दिसतो.

"आता तूच हिशेब लाव," काकू कुंपणावर कोपर टेकून म्हणाल्या. म्हणजे अजून अर्धा तास. "मुंबईची पगाराची नोकरी. बढती ह्यांच्या हक्काची, ती दिली कुणा अँग्लो-इंडियनाला. झालं, राजीनामा! आले बेळगावला. सायकलींचं बरं चाललेलं, तर म्हणे आता शेतकऱ्यासाठी कडबा कापायचं यंत्र करतो. ते होतंय तोवर लोखंडी नांगर. जरा बूड टेकतंय, तर नगरपालिका म्हणाली जागा सोडा, आम्हाला गाव वाढवायचंय. बाईनं बिऱ्हाड किती वेळा बांधायचं?"

"आणि त्यानंतर गेल्या त्या कुंडल रोडला."

"निवडुंग आणि साप!"

१९१०ची ही गोष्ट. औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी लक्ष्मणरावांना ओळखत होते. त्यांनी माळरानावर जागा दिली, दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. जागा म्हणजे खडक, काटे आणि शेजारी एक रेल्वे स्टेशन. आज ते स्टेशन किर्लोस्करवाडी म्हणून ओळखलं जातं. राजानं विश्वास टाकला म्हणून कारखाना उभा राहिला, हे सगळे सांगतात. पण दिवेलागणीला त्या माळावर चूल पेटवणाऱ्या बायांनीही विश्वास टाकलाच होता की. त्याची कुणी दानपत्रं लिहून ठेवत नाही.

"आणि ते नांगर तरी पटापट खपले का?" काकूंनी विचारलं. उत्तर त्यांना ठाऊक होतं, पण ते माझ्या तोंडून ऐकायचं होतं.

"कुठले! शेतकरी म्हणायचे, लोखंडानं जमीन विषारी होते. कारखान्यात नांगर पडून राहिले."

"त्यांचंही काय चुकलं म्हणा. आज्यापणज्यानं लाकडी नांगर धरलेला."

इथं मला लक्ष्मणराव खरे आवडतात. लाकडी नांगर माती ओरखडतो, लोखंडी नांगर ती उलटी करतो, मुळांसकट वर आणतो. हे शेतकऱ्याला भाषणानं पटत नाही, बांधावर उभं राहून पाहावं लागतं. पुन्हा फाळ दगडावर आपटून मोडला, तर गावच्या लोहाराला तो नीट करता येईना. मग दोष कुणाचा? लक्ष्मणरावांनी तो शेतकऱ्याच्या माथी मारला नाही. टिकाऊ फाळ कसा ओतायचा याच्या मागे लागले. गिऱ्हाइकाला अडाणी म्हणून मोकळं होणारे कारखानदार तेव्हाही असतील, आता तर पुष्कळ आहेत.

"आणि तोफा!" काकू एकदम म्हणाल्या.

"हो, पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर केले."

"आमचे हे असते तर तोफ घरी आणून अंगणात ठेवली असती, शोभेला." काका जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांनी एकदा दुरुस्त केलेला मिक्सर काकूंनी अजून माळ्यावर जपून ठेवलाय. चालत नाही, तरी.

"आणखी एक ऐक," त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, जणू पलीकडच्या घरातल्या सुनेबद्दल सांगताहेत. "वाडीच्या रात्रीच्या पहाऱ्याला कोण होतं माहितीय? तुरुंगातनं सुटून आलेली माणसं! ज्यांना गाव दारात उभं करत नव्हतं, त्यांच्या हाती ह्यांनी चाव्या दिल्या. मी राधाबाई असते तर रात्रभर डोळा लागला नसता."

"पण विश्वासघात केला नाही त्यांनी."

"तेच तर! आणि शिवाशीव पाळायची नाही, हा वाडीचा नियम. त्या काळात, आपल्या भागात. कारखाना काढणारे पुष्कळ असतात गं, गाव वसवणारे कमी."

काकूंचं हे म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. १९२०मध्ये त्या माळावरून शं. वा. किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढली, पुढं 'स्त्री' आलं, 'मनोहर' आलं. नांगराच्या गावातून मराठी बायकांना वाचायला मासिक मिळालं. काकूंच्या आईकडे 'स्त्री'चे गठ्ठे होते, दोरीनं बांधलेले. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ला गेले, सत्त्याऐंशी वर्षांचे होऊन. १९६९मध्ये जन्मशताब्दीला त्यांचं टपाल तिकीट निघालं.

"काकू, खरं सांगा, असला नवरा तुम्हाला चालला असता?"

काकूंनी पाइप उचलला, आमच्या बाजूला साचलेल्या तळ्याकडे पाहिलं, ते माझंच असल्यासारखी मान हलवली आणि विचार करून म्हणाल्या,

"चालला असता. पण माळावर न्यायच्या आधी मी सांगितलं असतं: पहिलं पक्कं घर, पाण्याची सोय, मग तुमचे नांगर. आणि पहिली सायकल मी चालवणार."